मुलांचे मन आणि परिचारिकेचे दप्तर

दहावीचा निकाल जाहीर झाला की राज्यातील नऊ विभागीय मंडळांच्या यादीत कोकण मंडळाचे नाव शिरोभागी असावयाचे, हा आता शिरस्ताच होऊन बसला आहे. २०२४ साली या मंडळाचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली ९८.८२ टक्के; आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांच्या मंडळाने पुण्या-मुंबईस मागे टाकल्याच्या आनंदात रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याच्या बाजारपेठेत पेढ्यांचा खप वाढतो, शाळांच्या फाटकांवर गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक लागतात. या अभिमानात खोटे काही नाही. परंतु जेथे शंभरांतील नव्व्याण्णव मुले उत्तीर्ण होतात तेथे मागे राहिलेल्या एकाच्या वाट्याला केवढा एकांत येत असेल, आणि त्या नव्व्याण्णवांपैकी कितीजणांनी ते वर्ष अर्धवट झोपेत, पोटदुखीत आणि धास्तीत काढले असेल, हे निकालाच्या कोष्टकावरून समजत नाही. आणि ते समजून घेण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविणे सर्वांत स्वाभाविक ठरेल, त्या परिचारिकांच्या संशोधनाविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलतही नाही.

आकडे हवेच असतील तर ते बाहेरून आणावे लागतात. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. मात्र ज्या बारा राज्यांत ही पाहणी झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या गोव्यात संगाथ या संस्थेच्या संशोधकांनी बारा ते सोळा वर्षांच्या २,०४८ मुलांची पाहणी करून २००८ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो १.८१ टक्क्यांचा होता. दोन आकड्यांत चौपट अंतर पडावे हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु प्रश्न कोणी विचारला, कोणत्या साधनाने विचारला आणि विकाराची रेषा कोठे ओढली यांवर अशा पाहण्यांचे फलित अवलंबून असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आश्चर्याचा पुष्कळसा निरास होतो. गोव्याच्या अभ्यासकांना मुलांचा बचाव करणारी मुख्य गोष्ट आढळली ती कुटुंबाचा भक्कम आधार, तर विकारांचे प्रमाण अधिक दिसले ते शहरी मुलांत आणि मुलगी म्हणून दुजाभाव सोसणाऱ्या मुलींत. लांज्यासारख्या ग्रामीण तालुक्याने या निष्कर्षावर समाधान मानावे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण येथल्या कुटुंबाच्या रचनेतच आहे.

मुंबई-गोवा महामार्गावर वसलेला, एका अंगाला माचाळच्या डोंगरापर्यंत चढत गेलेला आणि दुसऱ्या अंगाला साटवलीकडे उतरत गेलेला हा तालुका पिढ्यान्‌पिढ्या अर्धा गावात आणि अर्धा मुंबईत नांदत आला. बाप परळला किंवा विरारला, आई भाताच्या खाचरात आणि काजूच्या बागेत, आजी-आजोबा ओटीवर, आणि मुलगा एस्‌टीच्या पासावर शाळा-कॉलेजात, असा संसार येथे अपवादात्मक नाही. पूर्वी मनिऑर्डर येई, आता पैसे फोनवर येतात. बापाचे येणे मात्र गणपतीला आणि शिमग्याला, हे वेळापत्रक तसेच राहिले. घर माणसांनी भरलेले असते, आणि तरीही चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या मनातली धास्ती ज्याच्यापाशी बोलून दाखवावी असे माणूस त्या घरात असेलच, याची शाश्वती नसते. हे वय तर नेमके जोखमीचे. आयुष्यात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेला असतो, असे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने २००५ साली दाखवून दिले, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सूत्र आपल्या प्रचारात वारंवार वापरले.

आता ही धास्ती आरोग्यखात्याच्या नजरेस कोणत्या रूपाने येते ते पाहावे. उपकेंद्राच्या दारात एक आई मुलाला घेऊन उभी राहते आणि म्हणते, "सिस्टर, ह्याच्या पोटात सारखं दुखतंय, शाळेत जायचं म्हटलं की जास्तच." मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत खाली पाहत असतो. सिस्टर पोट दाबून पाहतात, जीभ पाहतात, आम्लपित्ताच्या चार गोळ्या देतात आणि नोंदवहीत 'पोटदुखी' असे लिहितात. महिन्याने तोच मुलगा, तेच दुखणे, तीच नोंद. तिसऱ्या खेपेस आई त्याला उपकेंद्रात आणीत नाही. ती देवळात गाऱ्हाणे घालते, नारळ देते, किंवा बाहेरचे काही लागले असेल या समजुतीने एखाद्या भगताकडे जाते. या आईला अडाणी म्हणून हिणविणे सोपे आहे, पण भगत निदान तासभर बसून घेतो आणि घरात काय काय झाले ते विचारतो, ही गोष्ट आरोग्यव्यवस्थेने आपल्याकडे खाली मान घालून पाहण्याजोगी आहे. आणि 'मनाचा डॉक्टर' हे शब्द उच्चारताच ज्यांच्या डोळ्यांसमोर १८८६ पासून चालत आलेले रत्नागिरीचे मनोरुग्णालय उभे राहते, त्या आईबापांना पोटदुखीचाच आसरा बरा वाटला तर तोही त्यांचा दोष म्हणता येणार नाही.

परिचारिकेचा आणि संशोधनाचा संबंध काय, असा प्रश्न येथे काही वाचकांच्या मनात येईल, कारण सुई टोचणारी, सलाईन लावणारी आणि डॉक्टरांच्या हुकमाची तामिली करणारी बाई एवढेच तिचे चित्र आपल्या समाजात रूढ आहे. वस्तुतः या व्यवसायाचा पायाच नोंदींवर उभा राहिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ख्याती हातातल्या कंदिलामुळे झाली खरी, परंतु क्रिमियातल्या सैनिकांच्या मृत्यूंची त्यांनी काढलेली कोष्टके व आकृत्या यांनीच ब्रिटिश सरकारला सैनिकी इस्पितळांच्या सुधारणेस भाग पाडले. शाळकरी मुलांच्या बाबतीत याहूनही बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेथे खरूज, उवा, डोळ्यांची खुपरी अशा कारणांनी मुलांना शाळेतून घरी धाडण्याचा परिपाठ होता, आणि घरी धाडलेल्या मुलाकडे पुन्हा कोणी पाहत नसे. १९०२ साली लिना रॉजर्स नावाच्या परिचारिकेस चार शाळा देण्यात आल्या. तिने मुलांवर शाळेतच उपचार केले, घरी जाऊन आयांना समजावले आणि सर्वांची नोंद ठेवली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात शहरातील शाळांतून घरी धाडलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. परिचारिकांची संख्या वाढविल्यावर पुढील सप्टेंबरात ती १,१०१ वर आली. मनाच्या क्षेत्रात असे काम पुढे हिल्डेगार्ड पेप्लॉ यांनी केले. परिचारिका आणि रुग्ण यांच्यामधला संबंध हाच उपचाराचा एक भाग असतो, हे त्यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात शास्त्रशुद्ध रीतीने मांडले.

आपल्याकडील परिचर्याशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांवर या पार्श्वभूमीवर नजर टाकली तर थोडी निराशा होते. मानसिक ताण, परीक्षेची भीती, मोबाइलचे व्यसन हे विषय विद्यार्थिनी हौसेने निवडतात. परंतु प्रबंधाचा साचा बहुधा एकच असतो. निवडक शाळांतील साठ-शंभर मुले घ्यावयाची, त्यांना प्रश्नपत्रिका द्यावयाची, नंतर तासाभराचे व्याख्यान, तक्ते, माहितीपत्रक, आणि आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढतात, वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरते आणि 'अध्यापन परिणामकारक' असा शेरा पडतो. नुकतेच सांगितलेले मुलाला आठ दिवसांनी आठवते, याहून अधिक काही यातून सिद्ध होत नाही. ज्या मंडळाची मुले पाठांतरात पटाईत, त्या मंडळाच्या मुलांपुढे आणखी एक परीक्षा ठेवावी आणि तिला मनःस्वास्थ्याचे संशोधन म्हणावे, यात काहीसा विनोदही आहे. दोष विद्यार्थिनींचा नाही. दोन वर्षांत पदवी मिळवावयाची, परवानग्या गोळा करावयाच्या आणि रुग्णालयातील पाळ्याही सांभाळावयाच्या, अशा स्थितीत हाताशी असलेला साचा वापरण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते.

याच्या उलट, कोणता प्रश्न विचारावा हे ज्याला कळले त्या संशोधनातून किती निष्पन्न होते, याचा नमुना बिहारात मिळतो. त्याच संगाथ संस्थेने नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा प्रयोग केला, आणि सचिन शिंदे प्रभृतींनी त्याचा वृत्तांत २०१८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. शाळांचे तीन गट होते: एकात केवळ सरकारचा नेहमीचा शिक्षणक्रम, दुसऱ्यात त्याच्या जोडीला बाहेरून नेमलेला, वैद्यकीय पदवी नसलेला परंतु प्रशिक्षण दिलेला एक समुपदेशक, आणि तिसऱ्यात तेच काम करणारा शाळेचाच शिक्षक. करावयाची कामे साधी होती. मुलांनी तक्रार लिहून टाकावी म्हणून एक पेटी, भिंतीवरचे नियतकालिक, महिन्याच्या स्पर्धा, आणि ज्याला हवे त्याच्याशी एकट्याने बोलणे. वर्षअखेर असे दिसले की बाहेरच्या समुपदेशकाच्या शाळांतील वातावरण लक्षणीय सुधारले, खिन्नतेची लक्षणे कमी झाली, दांडगाई आणि मारामारी घटली. शिक्षकांकडे काम सोपविलेल्या शाळांत मात्र नेहमीच्या शाळांहून वेगळे काही घडले नाही. पुढच्या पाहणीत समुपदेशकाच्या गटाचा लाभ अधिकच ठळक झाला.

या निष्पत्तीचा अर्थ लावताना मी शिक्षकांची निंदा करू इच्छीत नाही. वर्गाध्यापन, जनगणना, निवडणूक आणि मध्यान्ह भोजन यांच्या ओझ्याखाली त्यांना समुपदेशनास उसंत कोठून मिळावी? परंतु कारण उसंतीपुरतेच आहे असेही मला वाटत नाही. ज्याच्या हाती गुण आणि शिक्षा, त्याच्यापुढे मुलाने आपली दुबळी बाजू उघडी करावी ही अपेक्षाच अस्वाभाविक आहे. आणि तरीही २०२० साली आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनाच आरोग्यदूत नेमण्याचे ठरविले. मग शाळेत येणारे, पण शाळेचे नसलेले माणूस लांज्यात कोण आहे? ते शोधावयास दूर जावे लागत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत येते. त्यात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. वजनकाटा मांडला जातो, उंची मोजली जाते, दात, डोळे, कान पाहिले जातात. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सहा विषयांत मानसिक आरोग्य आहे आणि त्याकरिता आपल्या राज्यात 'मैत्री' क्लिनिकेही काढली आहेत. फक्त तेथे मुलाने स्वतः चालत यावे अशी अपेक्षा आहे, आणि सिस्टर तर पथकाबरोबर त्याच्या वर्गापर्यंत आलेलीच असते.

म्हणून माझी सूचना अशी की लांजा तालुक्यात परिचारिकांनी मुलांचे ज्ञान मोजणे सोडून त्यांच्या वर्षांचा मागोवा घ्यावा. आठवीतल्या मुलांची यादी करावी आणि दर सहा महिन्यांनी तीच मुले पाहावीत. झोप, भूक, शाळेची गैरहजेरी, तीच तीच अंगदुखी यांची नोंद करावी आणि एक प्रश्न अवश्य विचारावा: गेल्या महिन्यात मनाला लागले तेव्हा तू कोणाला सांगितलेस? उत्तर 'कोणालाच नाही' असे आले तर तो स्वतंत्र रकाना असावा. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील साध्या आरोग्यदूत स्त्रियांच्या हाती नोंदी आणि उपचार सोपविले, आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगाला दाखविले. तेव्हा अशा नोंदींना शास्त्राच्या दरबारात मान नाही, ही भीती अनाठायी आहे.

अडचणी आहेतच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे पालकांची संमती लागते आणि बारा वर्षांवरील मुलाचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. आईची सही बहुधा चालते, पण "हे गणपतीत आले की विचारते" असे म्हणून कागद फडताळात जातो, हे येथला माणूस जाणतो, आणि म्हणून पालकांच्या गाठीभेटी गणेशोत्सवाच्या सुटीतच धरल्या पाहिजेत. उपकेंद्राची सिस्टर आधीच गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग आणि साथरोग यांच्या नोंदवह्यांत बुडालेली असते; तिच्यावर आणखी एक वही लादण्यापेक्षा परिचर्या महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनींनी हे काम अंगावर घ्यावे, आणि एका तुकडीची यादी पुढच्या तुकडीने चालवावी. शिवाय विचारण्यापूर्वी पुढची तजवीज झालेली हवी. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले आणि त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. एखाद्या मुलाने जगणे नकोसे झाल्याचे सांगितले तर त्याच दिवशी त्याला ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून रत्नागिरीस मानसोपचारतज्ज्ञाकडे कोणी न्यावयाचे, हे नावानिशी ठरलेले असावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक अहोरात्र चालू असतो व तेथे मराठीत बोलता येते. तो यादीतल्या प्रत्येक मुलाला लिहून द्यावा. नोंदवही मात्र शाळेच्या कपाटात ठेवू नये. ती ग्रामीण रुग्णालयात कुलपात राहावी, आणि मुख्याध्यापकांनी मागितली तरी देऊ नये.