निळं, हिरवं, विटकरी

कॅपुचिनो प्यायले की माझं पोट डब्ब! डॉक्टरांनी लॅक्टोज टॉलरन्स टेस्ट लिहून दिली. उपाशीपोटी ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून प्यायचं, मग दोन तास थोड्या थोड्या वेळाने रक्त द्यायचं. रक्तातली साखर डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमनेही वाढली नाही, तर समजा दुधातली साखर पचत नाही. एसी वेटिंग रूम, हातात मासिक, झालं काम.

पुढे कुपोषणावरच्या स्टोरीसाठी नंदुरबारला गेले, तिथे या टेस्टची गरीब बहीण भेटली. जुलाब न थांबणाऱ्या बाळाची शी (हो, शीच!) पाण्यात कालवायची, ते पाणी निळ्या बेनेडिक्ट द्रावणात उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर अंगी न लागता तशीच बाहेर पडतेय. खर्च किरकोळ. अट एकच, नमुना ताजा हवा. उशीर झाला की त्यातले जिवाणूच साखर फस्त करतात आणि रिपोर्ट चक्क नॉर्मल येतो!

आता धडगावकडच्या एखाद्या पाड्यावरून डबी घेऊन निघा. आधी पायवाट, मग जीप, मग सातपुड्याचा घाट. त्यापेक्षा बाळालाच लॅबपाशी आणायचं, म्हणजे आईची त्या दिवसाची मजुरी गेली.