नवा कोच आला की फॅन का भडकतात? दुकानात नवा माणूस घेण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण नवा माणूस कामावर घेण्याबद्दल बोललो. त्यात फुटबॉलचं उदाहरण दोन मिनिटांत गुंडाळावं लागलं, म्हणून ते इथं नीट लिहून काढतोय.

माझं दुकान कोल्हापुरात, खेळाच्या सामानाचं. इथं फुटबॉल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची मॅच असो नाहीतर रात्री टीव्हीवर इंग्लिश लीग असो, काउंटरवर चर्चा तीच. युरोपातला सीझन मे महिन्यात संपतो. मग क्लब नवे कोच, असिस्टंट, गोलकीपर कोच नेमायला लागतात. आणि जर्सी बघायला आलेलं पोरगं जर्सी बाजूला ठेवून सांगायला लागतं, "दादा, क्लब बुडाला. कुणाला घेतलंय बघा!"

त्या कोचचं एकही ट्रेनिंग सेशन त्या पोरानं पाहिलेलं नसतं. क्लबच्या गावात राहणाऱ्या फॅननंही पाहिलेलं नसतं. तरी मत ठाम असतं. हे मत येतं कुठून, ते समजून घेऊ. कारण तुमचं जुनं गिऱ्हाईक तुमच्या नव्या माणसाकडे अगदी याच नजरेनं बघतं.

फॅनला काम दिसत नाही, नाव दिसतं

मोठ्या क्लबमध्ये मुख्य कोचच्या हाताखाली मोठी फळी असते. असिस्टंट, गोलकीपर कोच, फिटनेसवाले, मॅचचे व्हिडिओ बघून आकडे काढणारे, कॉर्नर आणि फ्री किकची तयारी करून घेणारे. यांचं सगळं काम आठवडाभर बंद गेटाच्या आत चालतं. फॅनला दिसते ती नव्वद मिनिटांची मॅच. म्हणून नेमणूक जाहीर झाली की तो तीनच गोष्टींवर बोलतो: हे नाव मला माहीत आहे का? गेलेला माणूस मला किती आवडायचा? आणि मागच्या वेळी बाहेरचा माणूस आणला तेव्हा काय झालं?

या तिन्हीत नव्या माणसाच्या कामाबद्दल काहीच नाही. पण फॅनला काय गमवायची भीती वाटतेय, ते यात स्पष्ट कळतं. मालकानं तेवढं ऐकायला शिकलं की पुढचं सोपं जातं.

आता तीन इंग्लिश क्लब आणि एक आपल्या शेजारचा क्लब बघू.

१. आर्सेनल, १९९६: "हा कोण?"

१९९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबनं ब्रूस रिओक यांना काढलं आणि आर्सेन वेंगर या फ्रेंच माणसाला आणायचं ठरवलं. तेव्हा ते जपानमध्ये नागोया ग्रँपस एटचे कोच होते. इंग्लंडमधल्या सामान्य फॅनला हे नाव ठाऊक नव्हतं. लंडनच्या एका संध्याकाळच्या पेपरनं तर सरळ "आर्सेन कोण?" अशा अर्थाचा मथळा छापला. खुद्द कॅप्टन टोनी ॲडम्सला शंका होती की हा चष्मेवाला, शाळामास्तरसारखा दिसणारा फ्रेंच माणूस आपल्याला काय फुटबॉल शिकवणार!

मग मत बदललं कसं? दोन गोष्टी बघा.

पहिली. वेंगर रुजू व्हायच्या आधीच त्यांच्या सांगण्यावरून क्लबनं पॅट्रिक व्हिएरा नावाचा तरुण मिडफिल्डर घेतला होता. सप्टेंबरमध्ये शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला. मागे पडलेला आर्सेनल ती मॅच ४-१ नं जिंकला आणि व्हिएराचा खेळ लोकांच्या नजरेत भरला. म्हणजे माणूस येण्याआधी त्याचं काम लोकांना दिसलं.

दुसरी. वेंगरनी पॅट राइस यांना असिस्टंट ठेवलं. राइस म्हणजे १९७१ साली लीग आणि एफए कप दोन्ही जिंकणाऱ्या आर्सेनल संघातले खेळाडू, म्हणजे घरचाच माणूस. वेंगर येईपर्यंत काही मॅचना संघही त्यांनीच सांभाळला होता. पुढं खाण्यापिण्यापासून सरावापर्यंत बरंच काही बदललं, पण बदल करणाऱ्याच्या शेजारी ओळखीचा चेहरा उभा होता. १९९७-९८ ला आर्सेनलनं पुन्हा लीग आणि कप दोन्ही जिंकले. राइस २०१२ पर्यंत त्या जागेवर राहिले आणि वेंगर २०१८ पर्यंत.

२. मँचेस्टर युनायटेड, २०१३: सगळी फळीच बदलली

इथं सुरुवात बरोबर उलटी झाली. सर ॲलेक्स फर्ग्युसन २६ वर्षांहून जास्त काळ मॅनेजर होते, १३ लीग विजेतेपदं त्यांच्या नावावर. २०१३ ला लीग जिंकूनच ते निवृत्त झाले. त्यांनी स्वतः डेव्हिड मॉयेस यांचं नाव सुचवलं आणि शेवटच्या घरच्या मॅचनंतर माइकवरून फॅनना सांगितलं की आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहा. फॅननी ऐकलं. स्टेडियममध्ये मॉयेस यांचा मोठा बॅनर लागला, "द चोझन वन". कराराची मुदत सहा वर्षं.

स्वागत याहून चांगलं होऊ शकत नाही. मग गडबड कुठं झाली? एकच कारण सांगणं खोटं ठरेल. संघ वयस्कर होत होता, खेळाडूंची खरेदीही नीट झाली नाही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी: मॉयेस यांनी एव्हर्टनहून स्टीव्ह राउंड, जिमी लम्सडेन आणि ख्रिस वुड्स ही आपली माणसं आणली. माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन आणि गोलकीपर कोच एरिक स्टील ही लीग जिंकून देणारी जुनी फळी बाहेर पडली. रायन गिग्ज आणि फिल नेव्हिल या क्लबच्या लाडक्या नावांना स्टाफमध्ये घेतलं खरं, पण कोचिंगच्या कामात दोघंही नवखे होते. जुनी माणसं ठेव असा सल्ला आपण दिला होता, असं फर्ग्युसननी नंतर जाहीरपणे सांगितलं.

विचार करा. कोणता खेळाडू रागावल्यावर चांगला खेळतो आणि कोणाला गोंजारावं लागतं, हे कागदावर कुठं लिहिलेलं नसतं. ते त्या तिघांच्या डोक्यात होतं. ते गेले, ते ज्ञानही गेलं.

त्या सीझनला युनायटेड घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉम, एव्हर्टन आणि न्यूकॅसलकडून हरला. यांतल्या कुणालाही तिथं कित्येक वर्षांत जिंकता आलं नव्हतं. मार्च २०१४ मध्ये काही फॅननी पैसे गोळा करून मैदानावरून विमान उडवलं. त्याच्या मागं बॅनर होता, "राँग वन, मॉयेस आउट". गंमत म्हणजे ती मॅच युनायटेडनं ४-१ नं जिंकली, आणि स्टँडमधल्या बऱ्याच लोकांनी त्या विमानाचीच हुर्यो उडवली. म्हणजे चिडलेल्यांतही सगळे एका मताचे नव्हते. महिन्याभरात मॉयेस यांची नोकरी गेली. संघ सातवा आला.

इथल्या फॅनची पहिली प्रतिक्रिया चांगली होती, ती चुकीची ठरली. आर्सेनलच्या फॅनची वाईट होती, तीही चुकीची ठरली. पहिल्या आठवड्यातल्या टाळ्या आणि शिव्या यांची किंमत सारखीच असते. पंचवीस मॅच बघून आलेला राग मात्र वेगळा. त्यात माहिती असते.

३. लिव्हरपूल, २०१८: ज्याच्यावर सगळे हसले

२०१८ च्या उन्हाळ्यात युर्गन क्लॉप यांनी थॉमस ग्रोनेमार्क या डॅनिश माणसाला नेमलं. काम काय? थ्रो-इन शिकवायचं. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर हातानं आत टाकतात, तो थ्रो-इन! फॅन चक्रावले, टीव्हीवरच्या जाणकारांनी खिल्ली उडवली. अँडी ग्रे हे माजी खेळाडू तर म्हणाले की मग आपण किक-ऑफचे कोच होऊ.

ग्रोनेमार्क यांच्या नावावर ५१.३३ मीटर लांब थ्रो-इनचा विक्रम होता. पण त्यांचा भर लांब फेकण्यापेक्षा थ्रो-इननंतर बॉल आपल्याकडेच राहण्यावर होता. एका मॅचमध्ये चाळीस-पन्नास थ्रो-इन होतात. समोरचा संघ अंगावर आलेला असताना घेतलेल्या थ्रो-इननंतर लिव्हरपूल २०१७-१८ मध्ये फक्त ४५.४ टक्के वेळा बॉल राखायचा, म्हणजे लीगच्या २० संघांत १८ वा नंबर. पुढच्या सीझनला हा आकडा ६८.४ टक्के झाला आणि लिव्हरपूल लीगमध्ये पहिला आला.

२०१९ ला चॅम्पियन्स लीग आणि २०२० ला तीस वर्षांनी इंग्लिश लीग लिव्हरपूलनं जिंकली. ती काय थ्रो-इनमुळे जिंकली नाही. पण हसणारे गप्प झाले, कारण कामाची हद्द ठरलेली होती आणि फरक मोजता येत होता. क्लॉपना कुणाशी वाद घालावा लागला नाही.

४. एफसी गोवा, २०२०: दुसरी फळी तयार होती

आता शेजारी येऊ. २०२० च्या फेब्रुवारीच्या तोंडावर एफसी गोवानं स्पॅनिश कोच सर्जिओ लोबेरा यांना काढलं. संघ आयएसएलच्या तक्त्यात वरच्या टोकाला आणि लीगच्या तीनच मॅच बाकी! फॅनना धक्का बसणारच. पण सूत्रं गेली क्लबच्याच व्यवस्थेतल्या क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडं. ते गोव्याचे, भारताकडून खेळलेले. तिन्ही मॅच जिंकल्या, शेवटची जमशेदपूरविरुद्ध ५-० नं. लीग शील्ड मिळाली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचणारा गोवा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढं प्लेऑफमध्ये चेन्नईयिनकडून ते हरले, हेही खरं.

फॅनची हळहळ मात्र चुकीची नव्हती. तेच लोबेरा पुढच्या सीझनला मुंबई सिटीला गेले आणि शील्ड, ट्रॉफी दोन्ही जिंकून दाखवली. चांगला माणूस गेला हे खरं, आणि दुसरी फळी तयार होती म्हणून संघ कोसळला नाही हेही खरं.

आता तुमच्या दुकानाचं बोलू

तुमच्याकडं एखादा माणूस वीस वर्षं काउंटरला आहे. कोणाची उधारी किती, कोणाला कुठला माल लागतो, सगळं त्याला तोंडपाठ. तो गेला की गिऱ्हाईक नव्या पोराला विचारतं, "ते काका कुठं गेले?" हा प्रश्न ऐकून बरेच मालक घाबरतात आणि चांगल्या पोराला महिन्याभरात घालवतात. काही मालक याच्या उलट वागतात आणि गिऱ्हाईकाचं काहीच ऐकत नाहीत. दोन्हीत धंद्याचं नुकसान.

माझ्याकडं बॅडमिंटन रॅकेटचं गटिंग करणारे काका थकले, तेव्हा मी हे असं केलं:

एक. काका रोज येऊ शकत नव्हते, म्हणून दोन महिने फक्त शनिवारी बोलावले. नवा मुलगा काम करणार, काका शेजारी बसणार. तो आमचा पॅट राइस.

दोन. काकांच्या डोक्यातलं वहीत उतरवलं. कुठल्या खेळाडूला किती टेन्शन लागतं, कुणाला कुठली गट चालते, सगळं नावानिशी. तुमच्याकडं कुणी सोडून जायच्या बेतात असेल तर हे काम आजच सुरू करा.

तीन. नव्या मुलाला पहिल्यांदा एकच काम दिलं. गटिंग, बाकी काही नाही. किती रॅकेट केल्या आणि किती परत आल्या, एवढंच मोजायचं.

चार. तक्रारीचे दोन ढीग केले. "हा कोण?", "काकांची सर नाही" हा पहिला ढीग. तो हसून ऐकायचा, वाद घालायचा नाही. "२४ सांगितलं होतं, सैल लागलंय" हा दुसरा ढीग. तो वहीत लिहायचा आणि त्याच दिवशी दुरुस्त करून द्यायचं.

पाच. निर्णयाची तारीख आधीच ठरवली, तीन महिने. त्याआधी कुणाच्या बोलण्यावरून काढायचं नाही. त्यानंतर मात्र दुसऱ्या ढिगाकडं बघून निर्णय घ्यायचा, मग तो मुलगा कितीही गोड असो.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. गिऱ्हाईकाचा राग सहन होतो, पण आपणच आणलेल्या माणसाचा दुसरा ढीग वाढत असेल तर ते मान्य करणं जड जातं. म्हणून तारीख आणि आकडा दोन्ही कागदावर आधीच लिहून ठेवा.

या आठवड्याचं काम: एक कागद घ्या. तुमच्या दुकानातल्या ज्या माणसाशिवाय तुमचं पान हलत नाही, त्याचं नाव लिहा. त्याला जे माहीत आहे आणि तुम्हाला नाही, अशा दहा गोष्टी खाली लिहा. दहा सुचल्या नाहीत तर त्यालाच चहा पाजा आणि विचारा. पुढच्या भागात ही यादी वापरून नव्या माणसाचा पहिला महिना कसा आखायचा ते बघू.

भेटूया मंडळी!