खिशातली बॅटरी

श्रावणातली अंधारी रात्र होती. पाऊस नुकताच थांबला होता. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावचा म्हातारा शेतकरी जागलीला निघाला. वावरातला मूग शेंगांवर आला होता. रानडुकरांनी शेजारचे वावर दोन रात्रींत खणून काढले होते. वाट काळ्या मातीची. चिखलाने एकेक पाऊल जड होत होते.

म्हाताऱ्याच्या हातात बॅटरी होती. पण ती कधी लागे, कधी विझे. तळहातावर ठोकली की पुन्हा लागे. धुऱ्यावर पोचला आणि ती विझली. त्याने ठोकली. लागली नाही. पाऊल तर उचललेले होते. त्याने पुन्हा ठोकली. उजेड पडला. पुढ्यात हातभर अंतरावर घोणस वेटोळे घालून बसली होती!

पाऊल मागे आले. जीव वाचला. पण तो बॅटरीने वाचवला असे कसे म्हणावे? ऐन वेळी ती तर विझली होती.

सकाळी म्हातारा सुनेला म्हणाला, "बाई, आज दर्यापूरच्या बजारात जाऊ. मले नवी बॅटरी पाह्यजे. तुले वाचता येते, तू संग चाल."

"चला मामाजी," सून म्हणाली. "यावेळी डबा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका."

सुनेचे म्हणणे खरे आहे. बॅटरी घेताना काय वाचावे आणि काय तपासावे, ते आपण पाहू.

उजेडाची एवढी गरज का?

आपल्या देशात साप चावून किती माणसे मरतात, याचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा त्याचा अंदाज आहे. म्हणजे दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे. यातली बहुतेक खेड्यांतली होती. निम्म्याहून जास्त मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले होते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मोठे विषारी साप. मण्यार रात्री फिरते. कुटाराच्या ढिगात, गोठ्यात, लाकडांच्या आड उंदीर असतात. उंदरामागे साप येतो. अशा ठिकाणी उजेड पाडल्याशिवाय हात घालू नये. रात्री पंप सुरू करायला जाताना, परसात जाताना, गुरांना वैरण टाकताना बॅटरी हाती असावी. पायात बूट आणि हातात काठीही असावी.

बॅटरीत काय असते?

पुस्तकात बॅटरीला विजेरी म्हणतात. तिचे चार भाग समजून घ्या: सेल, दिवा, बटण आणि विजेची वाट. वीज सेलातून निघते, दिव्यातून जाते आणि परत सेलात येते. ही वाट कुठेही तुटली की दिवा विझतो. म्हाताऱ्याची बॅटरी ठोकल्यावर लागे, याचा अर्थ तिची वाट कुठेतरी ढिली होती. गंज चढला असेल, स्प्रिंग बसली असेल किंवा बटण झिजले असेल. ठोकून लागणारी बॅटरी दुरुस्त करावी, नाही तर बदलावी. तिच्या भरवशावर वावरात जाऊ नये.

कोरडा सेल जर्मनीतल्या कार्ल गासनर यांनी १८८६ साली तयार केला. हातात धरायच्या विजेरीचे पेटंट अमेरिकेत १८९९ साली डेव्हिड मिझेल यांना मिळाले. आपल्या देशात एव्हरेडी कंपनी १९३४ साली कलकत्त्यात सुरू झाली. त्या काळच्या बॅटरीत तारेचा बल्ब असे. तार तापून लाल-पिवळी होई तेव्हा उजेड पडे. बहुतेक वीज उष्णतेत वाया जाई, आणि आपटली की तार तुटे. आता एल.ई.डी. दिवा आला आहे. त्यात तार नाही. तो थोड्या विजेत जास्त उजेड देतो आणि धक्का सोसतो. पांढरा एल.ई.डी. दिवा निळ्या दिव्यामुळे शक्य झाला. निळ्या दिव्याच्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सेल कोणता घ्यावा?

पहिला प्रकार साधा सेल. तो खेड्यातल्या दुकानातही मिळतो. संपला की नवा टाकावा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. या सेलाचे अंग जस्ताचे असते, आणि वीज देताना तेच जस्त झिजते. संपलेला सेल आत राहिला तर अंगाला भोके पडतात, आतला रस बाहेर येतो आणि बॅटरी सडवतो. म्हणून संपलेला सेल लगेच काढावा. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये. विकत घेताना सेलवर आय.एस.आय.ची खूण पाहावी.

दुसरा प्रकार शिशाचा. चार्जिंगच्या जड आणि स्वस्त बॅटरीत तो असतो. ती रिकामी ठेवून दिली तर कायमची बिघडते. वापर नसला तरी महिन्यातून एकदा तरी चार्ज करावी.

तिसरा प्रकार लिथियमचा. तो हलका असतो आणि त्यात वीज पुष्कळ मावते. पण त्यात फसवणूकही पुष्कळ आहे. या बॅटऱ्यांत १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा सेल नेहमी दिसतो. त्यावर कधी कधी ९,९०० एम.ए.एच. असे छापलेले असते. एवढ्याशा सेलात इतकी वीज मावत नाही. चांगल्या सेलात साधारण ३,००० ते ३,५०० मावते. मोठा आकडा दिसला की तो सेल परत ठेवा.

ज्या घरी वीज वरचेवर जाते, त्या घरी साध्या सेलाची एक बॅटरी असावीच.

डबा वाचा

डब्यावर लुमेन लिहिलेले असते. ते उजेडाचे माप आहे. एक मेणबत्ती सुमारे १२ लुमेन उजेड देते. पायवाटेने चालायला ५० ते १०० लुमेन पुरे. वावराच्या दुसऱ्या टोकाचे जनावर पाहायला जास्त लागतात. चिमुकल्या स्वस्त बॅटरीवर हजारोंचा आकडा असला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पुढे मीटर असतात. उजेड किती दूर जातो, ते यावरून कळते. अमेरिकेत २००९ साली ठरलेले माप पुष्कळ कारखानदार पाळतात. त्या मापाप्रमाणे, जिथे उजेड पुनवेच्या चांदण्याएवढा उरतो, तिथपर्यंतचे अंतर मोजतात. म्हणजे १०० मीटर लिहिले असेल, तर १०० मीटरवर फक्त चांदणे पडेल. स्वच्छ दिसावे असे वाटत असेल, तर त्याच्या निम्मेच अंतर धरा.

मग तास असतात. त्याच मापात उजेड दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचे तास मोजतात. तेव्हा शेवटचा तास पहिल्या तासासारखा नसतो.

शेवटी इंग्रजी आय आणि पी ही दोन अक्षरे शोधा. त्यांच्यापुढे दोन खुणा असतात. पहिली धुळीसाठी, दुसरी पाण्यासाठी. धुळीसाठी ६ असेल तर धूळ आत जात नाही. पाण्यासाठी ४ असेल तर पावसाचे शिंतोडे सोसते. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी पाणी आत शिरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल, म्हणून ही अक्षरे पाहिलीच पाहिजेत.

दुकानात तपासा

दुकानदाराला सांगा, "भाऊ, सेल टाकून दाखवा." मग वीस वेळा बटण दाबा. एकदाही चुकली तर घेऊ नका. चालू करून जोराने हलवा. उजेड थरथरला तर आतली जोडणी ढिली आहे. झाकण उघडा. आत रबराचे कडे आहे काय? आटे सुरळीत फिरतात काय? हात ओला करून पाहा. ओल्या हातातून निसटणारी बॅटरी विहिरीत जाईल. एका हाताने लागली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात काठी किंवा बैलाचा कासरा असतो. सदऱ्याच्या खिशात घालून पाहा. जी खिशात राहत नाही ती घरी राहते, आणि घरी राहिलेली बॅटरी धुऱ्यावर कामाची नाही.

निगा

दर्यापूरचा बराच मुलूख खारपाणपट्ट्यात येतो. खाऱ्या पाण्याने धातूला लवकर गंज चढतो. बॅटरी भिजली तर कोरड्या फडक्याने पुसा, उघडून वाळवा. सेलाची टोके महिन्यातून एकदा पुसा. उन्हात ट्रॅक्टरवर ठेवू नका.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. भाव येईपर्यंत आपण कापूस घरात भरून ठेवतो. कापसाजवळ, गादीवर किंवा रात्री झोपल्यावर बॅटरी चार्जिंगला लावू नका. लिथियमचा सेल फुगलेला दिसला तर वापरू नका. खराब सेल तापून पेटू शकतो, आणि कापसाला ठिणगी पुरते.

तरीही साप चावलाच तर

घाबरू नका. चावा घेतलेला हात किंवा पाय हलवू नका. आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात चला. सापाच्या विषावरचे औषध तिथे असते. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, म्हणून दुखत नाही तरी दवाखाना टाळू नका.

म्हाताऱ्याने पाच बॅटऱ्या पाहिल्या. सर्वांत चकचकीत होती ती सुनेने डबा वाचून परत दिली. शेवटी एक साधी, खिशात मावणारी घेतली. त्या रात्री तो धुऱ्यावर उभा राहिला आणि त्याने बटण दाबले. पहिल्याच खेपेला उजेड पडला.

सांगा पाहू

१. ठोकून लागणाऱ्या बॅटरीत काय बिघडलेले असते?
२. संपलेला सेल आत का ठेवू नये?
३. तुमच्या घरच्या बॅटरीच्या डब्यावर काय लिहिले आहे? वाचून दाखवा.