बैलांच्या सांध्यांच्या व कंडरांच्या इजा आणि त्यांवरील उपचार

पेरणीचा हंगाम तोंडावर आलेला असतो. जमिनीला नुकताच वाफसा आलेला असतो आणि अशा वेळी जोडीतील एक बैल सकाळी गोठ्यातून लंगडत बाहेर पडतो. शेतकऱ्यापुढे मोठा पेच उभा राहतो. बैलाला विश्रांती द्यावी तर वाफसा जातो आणि त्याला जुंपावे तर बैल जातो. पुष्कळ ठिकाणी बैलाचा पाय कोणाकडून तरी ओढून घेतात, तेल चोळतात किंवा डाग देतात आणि चार दिवसांनी लंगडणे कमी दिसताच त्याला पुन्हा जुवाखाली घालतात. थोड्या विश्रांतीने बरी होणारी इजा अशा घाईमुळे कायमची होऊन बसते. म्हणून या इजांचे स्वरूप व त्यांवरील योग्य उपाय प्रत्येक पशुपालकाने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

सांध्याची रचना

दोन हाडे जेथे एकत्र येतात तो सांधा होय. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. सांध्याभोवती पातळ पिशवीसारखे आवरण असून त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत द्रव असतो. गाडीच्या आसाला जसे वंगण, तसा सांध्याला हा द्रव. एका हाडास दुसऱ्या हाडाशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचविणाऱ्या दोरीसारख्या भागास कंडरा म्हणतात. मागील पायाची धोंडशीर ही अशीच एक मोठी कंडरा आहे.

स्नायूंच्या मानाने कंडरा व अस्थिबंध यांना रक्ताचा पुरवठा फार थोडा असतो. त्यामुळे त्यांची इजा सावकाश भरून येते. पहिले काही दिवस तेथे सूज व दाह असतो. त्यानंतर काही आठवडे नवे तंतू तयार होत राहतात, परंतु ते कच्चे व विस्कळीत असतात. ते ताणाच्या दिशेने नीट लागून बळकट होण्यास काही महिने लागतात. वेदना मात्र याच्या पुष्कळ आधी थांबते. लंगडणे थांबले म्हणजे पाय बरा झाला, असे समजणे हीच या बाबतीतील सर्वांत मोठी चूक होय.

इजेची कारणे

ओल्या फरशीवर घसरणे, खड्ड्यात पाय अडकणे, अवजड गाडीला एकदम हिसका बसणे, उतारावर गाडी अंगावर येणे ही इजेची नेहमीची कारणे आहेत. एक बैल उंच व दुसरा ठेंगणा, किंवा एक चपळ व दुसरा मंद अशी विजोड जोडी असल्यास एकाच बैलाच्या सांध्यांवर जादा ताण पडतो. खुरे वाढू दिल्यास पाय वाकडा पडतो आणि खुरावरील सांध्याला मुरड बसते. नाल झिजलेला असल्यास डांबरी रस्त्यावर जनावर घसरते. ऊस वाहतुकीच्या बैलांत यांपैकी अनेक कारणे एकत्र येतात. नांगराचा फाळ, कुळवाची पास किंवा विळा लागून कंडरा कापली जाण्याचे प्रसंगही घडतात.

कोणता पाय, कोणती जागा

बैलास सपाट व कठीण जमिनीवर सावकाश चालवून पाहावे. पुढचा पाय दुखत असल्यास तो टेकताना बैल डोके वर उचलतो. मागचा पाय दुखत असल्यास तो टेकताना त्या बाजूचा पुठ्ठा वर उचलला जातो. पाय निश्चित झाल्यावर प्रथम खूर तपासावे, कारण पुष्कळदा लंगडण्याचे मूळ खुरातच असते. दोन्ही खुरांमध्ये काटा, खडा, खिळा किंवा जखम आहे काय ते पाहावे. नंतर दोन्ही बाजूंच्या पायांवरून तळहात फिरवून ऊष्णता, सूज व दुखरेपणा यांची तुलना करावी.

सर्व लंगडणे इजेमुळेच असते असे नाही. तरुण जनावरास एकाएकी ताप येऊन फऱ्यावर सूज आली आणि ती दाबल्यास चरचर वाजली, तर तो फऱ्या रोग समजावा व क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यकास बोलवावे. तोंडात व खुरांत फोड असल्यास लाळ्या खुरकूत असण्याचा संभव असतो. ताप, थरथर आणि आज एक पाय तर उद्या दुसरा पाय लंगडणे, हे तिवा रोगाचे लक्षण होय. अशा जनावरांचे पाय चोळत बसू नये.

मुरगळ व ताण यांवरील उपचार

१. जनावरास तत्काळ कामातून काढावे. सपाट जागी बांधून खाली पेंढा, पाचट किंवा भुसा यांचा जाड थर द्यावा. ऊठबस करताना पाय घसरता कामा नये.

२. पहिले दोन दिवस थंड पाण्याचा उपचार करावा. दुखऱ्या भागावर थंड पाण्याची धार धरावी किंवा थंड पाण्यात भिजविलेले फडके गुंडाळावे. प्रत्येक वेळी १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा हे करावे. या काळात शेक देऊ नये व चोळू नये. त्याने आतील रक्तस्राव व सूज वाढते.

३. खुरावरील सांधा मुरगळला असल्यास कापसाचा जाड थर देऊन पट्टी बांधावी. पट्टी खुराकडून वर गुंडाळत जावी. पट्टीखालील भाग सुजल्यास ती फार घट्ट झाली असे समजून सोडावी व सैल बांधावी.

४. सुमारे तीन दिवसांनी, भागाची ऊष्णता कमी झाल्यावर, हातास सोसेल इतक्या गरम पाण्याने शेक द्यावा.

५. साध्या मुरगळीस दोन ते तीन आठवडे विश्रांती द्यावी. कंडरा ताणली किंवा अंशतः तुटली असल्यास दोन-तीन महिने, प्रसंगी त्याहून अधिक काळ लागतो. काम पुन्हा सुरू करताना प्रथम मोकळे चालवावे, मग रिकामी गाडी, मग हलके कुळवण व शेवटी नांगर असा क्रम ठेवावा. एखाद्या टप्प्यावर लंगडणे किंवा सूज परत दिसल्यास मागील टप्प्यावर यावे.

हंगामात एवढी विश्रांती परवडत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु सावड, इर्जिक किंवा वारंगुळा या आपल्या जुन्याच पद्धती अशा वेळी उपयोगी पडतात. गावातील कार्यकर्त्याने पुढाकार घेऊन दुसऱ्याचा बैल मिळवून दिल्यास पेरणीही साधते आणि बैलही वाचतो.

कंडरा कापली जाणे व सांधा उघडा पडणे

कापलेल्या जखमेवर स्वच्छ फडके दाबून रक्त थांबवावे. एक लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात सुमारे दीड लहान चमचा मीठ घालावे आणि त्या पाण्याने जखम धुवावी. राख, शेण, रॉकेल असे काहीही जखमेत भरू नये. खुरावरील सांधा खाली खचला किंवा खुराची टोके वर उचलली गेली, तर मागील कंडरा तुटली असे समजावे. कापूस गुंडाळून बांबूच्या कामट्यांचा आधार द्यावा व जनावरास चालवू नये. पशुवैद्यक ताज्या जखमेत कंडरेची टोके टाक्यांनी जुळवून प्लास्टर घालू शकतात. विलंबाने जखम दूषित होते, म्हणून काही तासांतच त्यांना गाठावे. धनुर्वातावरील प्रतिबंधक उपायाविषयीही त्यांना विचारावे.

सांध्यावरील जखमेतून तारेसारखा ताणला जाणारा पिवळसर चिकट द्रव येऊ लागल्यास सांधा उघडा पडला असे समजावे. जखम लहान दिसली तरी हा प्रसंग गंभीर असतो. सांध्यात पू झाल्यास कूर्चा नष्ट होते व जनावर कायमचे निकामी होऊ शकते.

नवजात वासरांचे सांधे अनेकदा मार न लागताच सुजतात. नाळेवाटे शिरलेले जंतू रक्तातून सांध्यांत पोचतात, हे त्याचे कारण होय. जन्मतःच नाळेस टिंक्चर आयोडीन लावणे व पहिल्या दोन तासांत पोटभर चीक पाजणे, हा त्यावरील प्रतिबंध आहे.

सांधा निखळणे व वाटी अडकणे

निखळलेला सांधा ओढून बसविण्याचा प्रयत्न करू नये. त्यात अस्थिबंध अधिक फाटतात आणि हाड मोडले असल्यास अनर्थ होतो. आपल्याकडील बैलांत आणखी एक विकार आढळतो. मागील पाय मागे ताठ राहतो, खुराचे टोक जमिनीवर घासते आणि मग पाय झटका देऊन पुढे येतो. मांडीच्या सांध्याची वाटी वर अडकल्याने असे होते. पशुवैद्यक जागा बधिर करून एक लहान अस्थिबंध कापतात. ही शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते व बहुतेक बैल पुन्हा कामास लागतात.

डाग देणे व औषधे

डाग दिल्याने कंडरा बळकट होते, ही समजूत जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात घोड्यांच्या कंडरांवर झालेल्या व १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात डागण्यापासून लाभ झाल्याचे आढळले नाही. डागानंतर जो गुण आल्यासारखा वाटतो तो सक्तीच्या विश्रांतीचा असतो. तीच विश्रांती जनावरास न भाजता देता येते.

वेदनाशामक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचे शव खाल्ल्याने गिधाडे मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडली, म्हणून जनावरांसाठी हे औषध २००६ साली बंद करण्यात आले. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही २०२३ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असे औषध उपलब्ध आहे. औषधाने वेदना दबली म्हणून बैलास कामास जुंपू नये. त्याने इजा वाढतेच.

प्रतिबंध

खुरे वेळच्या वेळी साळावीत. गोठ्याची जमीन खडबडीत व कोरडी ठेवावी. जोडी सारख्या उंचीची व चालीची असावी. गाडीत भार मागे-पुढे सारखा भरावा. ओझेवाहू जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार जनावरास दिवसात ९ तासांपेक्षा अधिक, अगर विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. तापमान ३७ अंशांवर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेण्यास मनाई आहे. लंगड्या बैलास कामास जुंपणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे अपराध आहे.

गावातील कार्यकर्त्याने कापूस, पट्ट्या, कामट्या व टिंक्चर आयोडीन यांची एक पेटी सिद्ध ठेवावी आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा व फिरत्या पथकाचा १९६२ हा दूरध्वनी क्रमांक चावडीवर लिहून लावावा. इजा झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत योग्य काळजी घेतली आणि पुढे पुरेसा धीर धरला, तर पुष्कळ बैल पुन्हा पूर्वीसारखे कामास येतात. एका हंगामाची घाई करून दहा हंगामांचा सोबती गमावणे शेतकऱ्याच्या हिताचे नाही.