‘रझाकार’ म्हणजे कोण?

गेल्या वर्षीची १७ सप्टेंबरची सकाळ. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडावंदन झाले, भाषणे झाली, मुलांना खाऊ वाटला. थोड्या वेळाने सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. डोळे भरलेले. “सर, आपण रझाकार आहोत का?”

खाऊच्या रांगेत भांडण झाले होते आणि दुसऱ्या मुलाने त्याला तसे म्हटले होते. मी त्या दुसऱ्यालाही बोलावून घेतले. शब्दाचा अर्थ त्यालाही सांगता येईना. निवडणुकीच्या सभेत ऐकला होता, एवढेच.

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक मुसलमान घरांना हा शब्द कधी ना कधी ऐकावा लागला आहे. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे. रझा म्हणजे मर्जी, राजीखुशी. रझाकार म्हणजे आपल्या मर्जीने काम करणारा, स्वयंसेवक. उर्दूत आजही रक्तदान शिबिरात राबणाऱ्या तरुणाला रझाकारच म्हणतात. मग शब्द बदनाम कसा झाला?

कासिम रझवी यांच्यामुळे. ते लातूरला वकिली करत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि हैदराबाद संस्थान भारतात जाऊ नये यासाठी तिच्या रझाकारांची सशस्त्र फौज उभी राहिली. या फौजेने गावे लुटली, घरे जाळली, माणसे मारली. हे खरे आहे आणि आपण ते लपवू नये. जुलूम करणारा आपल्या धर्माचा असला म्हणून जुलूम लहान होत नाही.

पण रझाकार ही एक संघटना होती. ते एका समाजाचे नाव नव्हते. शोएबुल्लाह खान यांची गोष्ट पाहा. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे ते संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते उघड लिहीत. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री रझाकारांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यात त्यांचा जीव गेला. रझाकारांच्या लेखी ते गद्दार होते. म्हणजे मुसलमानावर शिक्का मारणारे तेव्हा मुसलमानच होते.

पुढे १३ सप्टेंबरला भारतीय लष्कर संस्थानात शिरले. सोलापूरकडून आलेल्या फौजेने पहिल्याच दिवशी आपले नळदुर्ग घेतले. १७ तारखेला निजाम शरण आले. कारवाई लष्कराची, पण सरकारने तिला नाव दिले ‘पोलीस ॲक्शन’. कुणी त्याच घटनेला ‘मुक्ती’ म्हणाले, कुणी ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव. घटना एक, नावे तीन. ज्याच्या कानावर जे नाव पडले, त्याचे मत त्या नावाने बनले. माझी दादी ‘पोलीस ॲक्शन’ एवढेच म्हणायची आणि गप्प व्हायची.

ती गप्प का व्हायची, हे मला मोठेपणी पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालातून कळले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार नेहरूंच्या सांगण्यावरून १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इकडे फिरले. कारवाईत आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. मेलेल्यांत बंदूक कधी हातात न धरलेले कितीतरी लोक होते. मुसलमान म्हणजे रझाकार, हे समीकरण एकदा डोक्यात बसले की शेतकरी, विणकर, म्हातारे असा फरक कोण करतो? तोच अहवाल हेही सांगतो की, अनेक हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सोबत्यांसाठी जीवही दिला. त्यांनी शिक्का पाहिला नाही, ओळखीचा माणूस पाहिला.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. बांगलादेशात १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्यांना रझाकार म्हणतात. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान शेख हसीना यांनी आरक्षणाविरुद्ध उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात हाच शब्द काढला. विद्यार्थ्यांनी तोच उलटवून आपली घोषणा केली. ५ ऑगस्टला हसीना यांना देश सोडावा लागला. शिक्का वाटेल त्याला मारला की त्याचा धाक जातो आणि १९७१ मध्ये ज्यांनी खरोखर सोसले, त्यांचे दुःखही स्वस्त होते.

आता आपल्या घरात पाहू. वेगळे मत मांडणाऱ्याला आपणही ‘सरकारी मुसलमान’, ‘बिकाऊ’ म्हणून मोकळे होतो. मग तो काय म्हणतो, हे ऐकायची गरजच उरत नाही. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी हाक मारण्याची मनाई आहे. ही मनाई आधी आपल्यासाठी आहे.

त्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, “नाही बेटा. तू तुझ्या अब्बांचा मुलगा आहेस आणि या वर्गाचा विद्यार्थी.” दुसऱ्या दिवशी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि कासिम रझवी व शोएबुल्लाह खान या दोघांच्या गोष्टी सांगितल्या. भांडणारा मुलगा उठून म्हणाला, “सर, मग शोएबुल्लाह खान कोणाच्या बाजूचे?” मी तो प्रश्न वर्गालाच विचारला. तास संपेपर्यंत मुले वाद घालत होती, पण कुणी कुणाला नाव ठेवले नाही.

तुमच्या घरात ते दिवस पाहिलेले कुणी वडीलधारे असतील, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि विचारू द्या: कोणी मारले, कोणी वाचवले? मुलांना माणसांची नावे कळू द्या.