जुन्या हाफ लॉरीच्या टेपला मोबाईल जोडायचा कसा?



खैतानमध्ये आमच्या इमारतीखाली एक जुनी हाफ लॉरी उभी असते. चालवणारे आमचे रत्नागिरीकडचे स्नेही. भाजीसाठी त्यांची वफ्र्याच्या शेतांकडे नेहमी खेप असते. गावाहून आई व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवते; पण इंजिन आणि एसीच्या घरघरीत ते ऐकू येत नाहीत. म्हणून हे गृहस्थ चालत्या गाडीत फोन कानाला लावायचे! कुवेतमध्ये २२ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या वाहतूक कायद्यात याचा दंड ५ दिनारांवरून ७५ दिनार झाला. अर्थात दंडापेक्षा जीव मोठा.

"भाऊ, नवा सेट बसवून टाका," असे सगळ्यांनी सांगितले. पण वडिलांच्या भजनांच्या कॅसेट याच कंपनी फिटिंगच्या टेपवर वाजतात. तो काढायला ते तयार नव्हते. बरोबरच आहे! काढायची गरजही नसते. सेटमध्ये बाहेरचा आवाज आत घेण्याची वाट कुठे आहे तेवढी शोधायची. तीच ऑक्स.

तुमचा सेट कोणत्या प्रकारचा आहे?

१) कॅसेटचा टेप: सर्वात सोपे काम. बाजारात कॅसेटच्या आकाराचा अॅडॅप्टर मिळतो. त्याला वायर आणि ३.५ मिमीची पिन असते. आत फिती नसते, एक छोटे हेड असते. फोनमधला आवाज त्या हेडमध्ये चुंबकीय लहरी तयार करतो आणि समोरचे टेपचे हेड त्यांना फितीवरचा आवाज समजून वाचते. एकही वायर कापावी लागत नाही. आवाज दबका आला तर आधी टेपचे हेड स्पिरिटच्या कापसाने पुसा. ऑटो रिव्हर्सचा टेप असेल तर दिशा बदलून पाहा.

२) सीडीचा सेट: त्यावर सीडी चेंजरचे बटण आणि मागे चेंजरचे सॉकेट असेल तर वाट तयारच आहे. मात्र पुष्कळ सेट चेंजर जोडलेला आहे असा संकेत मिळाल्याशिवाय ती वाट उघडत नाहीत. नुसत्या आवाजाच्या वायरी जोडून भागत नाही. त्यासाठी "मीच चेंजर" असे सेटला भासवणारी छोटी डबी मिळते. गाडीची कंपनी, मॉडेल आणि वर्ष सांगूनच ती घ्या.

३) नुसता रेडिओ: लायटरमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर स्वस्त असतो, पण गाडी पुढे गेली की दुसरे स्टेशन मध्ये घुसते. त्यापेक्षा एरियलची वायर आणि रेडिओ यांच्यामध्ये बसणारा मॉड्युलेटर घ्यावा. तो चालू असताना एरियल तोडतो, म्हणून आवाज स्वच्छ येतो.

हे मात्र करू नका

फोनची वायर थेट स्पीकरच्या वायरींना जोडू नका! फोनचा आवाज अगदी अशक्त असतो, त्याला आधी सेटच्या अॅम्प्लिफायरमधून जावे लागते. शिवाय बहुतेक सेटच्या स्पीकर वायरींवर सहा-सात व्होल्टचा दाब असतो. तो उलटा फोनमध्ये शिरला तर फोन गेलाच म्हणा.

सेट बाहेर काढायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. पण काही सेट वीज तुटल्यावर चोरीपासून बचावाचा कोड मागतात. तो आधी शोधून ठेवा. सेट उघडून आत डाग देण्याचे काम शुवैखमधल्या एखाद्या जाणकार कारागिराकडे सोपवलेले बरे.

शिट्टी वाजते, काय करू?

फोन चार्जिंगला लावला की अॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. चार्जर काढून पाहा. शिट्टी थांबली तर दोष अर्थचा. चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी अर्थ जोडला जातो आणि इंजिनाचा आवाज त्यात मिसळतो. ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की तो जातो. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. चार्जर १२ आणि २४ दोन्हींवर चालणारा आहे ना, ते घेतानाच बघा.

आपल्याकडचा उन्हाळा

२१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाह येथे ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. उन्हात बंद गाडी तर याहून तापते. साध्या चिकटपट्टीचा गोंद वितळून वायरी उघड्या पडतात. म्हणून सांध्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि फोन डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका.

नव्या पुष्कळ फोनना गोल पिनचे भोक नसते. अशा वेळी चार्जिंगच्या भोकात बसणारा जोड किंवा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर चालतो. फोनचा आवाज पाऊणपर्यंत ठेवा, बाकीचा सेटवरून वाढवा. आणि काय ऐकायचे ते गाडी सुरू करण्याआधीच लावा.

आमच्या स्नेह्यांचे काम कॅसेट अॅडॅप्टरवर पाच मिनिटांत झाले. पहिल्याच खेपेला आईचा निरोप चारही स्पीकरमधून आला: "जेवलास का रे?" परतीच्या वाटेवर अॅडॅप्टर काढून त्यांनी वडिलांची कॅसेट लावली. टेप तोच, आता दोघांचाही आवाज त्यातून येतो.

मंडळी, तुमच्या गाडीचा सेट वेगळा असेल तर पुढच्या भेटीत जरूर विचारा. सेटच्या पुढच्या बाजूचा फोटो मात्र घेऊन या!