नव्या प्रवाळ-टाकीतील अस्वस्थ प्रवाळ : कारणमीमांसा व निदानाचा क्रम
(दहिवली, ता. कर्जत परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सागरी मत्स्यालयाचा छंद आज केवळ किनारपट्टीवरील शहरांपुरता मर्यादित नाही. मुंबईच्या बाजारात मिळणारे सागरी जीव प्लॅस्टिकच्या पिशवीतून लोकल गाडीने दोन-अडीच तासांत कर्जतला पोहोचू शकतात. मात्र उल्हास नदीकाठच्या दहिवलीत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्राचे पाणी उपलब्ध नाही. ते घरातच तयार करावे लागते आणि टिकवावे लागते. घरी किंवा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात अशी टाकी उभारल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रवाळ मिटू लागते, फिकट पडते किंवा गळते, आणि पालक गोंधळून जातो. अशा वेळी निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, नव्या टाकीत बहुधा प्रवाळ आजारी नसते, तर पाणी अपरिपक्व व अस्थिर असते. म्हणून उपचार प्रवाळावर न करता प्रथम पाण्याचा विचार करावा.

कायद्याची मर्यादा

या विषयाची सुरुवात कायद्यापासून करणे अपरिहार्य आहे. २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण (खडकनिर्माती) प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. ही प्रवाळे जिवंत वा मृत स्वरूपात बाळगणे हा गुन्हा ठरतो. प्रवाळांच्या सांगाड्यांपासून बनलेला 'जिवंत खडक' हीदेखील त्यामुळे टाळावयाची वस्तू आहे. त्याऐवजी भाजलेल्या मातीचा किंवा सिमेंटचा कृत्रिम खडक वापरावा. या संरक्षणाचे गांभीर्य एका उदाहरणावरून लक्षात येईल. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात हाजीअली व वरळी येथे आढळलेल्या १८ प्रवाळ वसाहती २०२० साली वनविभागाच्या परवानगीने, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली स्थलांतरित करण्यात आल्या. महानगरपालिकेसही जेथे परवानगी घ्यावी लागते, तेथे व्यक्ती वा महाविद्यालय अपवाद ठरू शकत नाही.

त्यामुळे येथील विवेचन अनुसूचीबाहेरील मृदू प्रवाळे, छत्रप्रवाळे (मश्रूम) व झोअँथिड यांच्यापुरते मर्यादित आहे. विक्रेत्याकडून नाव, मूळ व पावती घ्यावी, आणि शंका असल्यास खरेदीपूर्वीच वनविभागाकडे चौकशी करावी.

प्रवाळ अस्वस्थ का होते ?

प्रवाळ हा प्राणी आहे, परंतु त्याच्या ऊतींमध्ये झूझँथेली ही एकपेशीय शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करून यजमानास बहुतांश ऊर्जा पुरवितात. तापमान, प्रकाश किंवा क्षारता यांत तीव्र बदल झाल्यास हे सहजीवन बिघडते, शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. यालाच विरंजन म्हणतात. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा केवळ एक अंश सेल्सिअस अधिक उष्णता काही आठवडे टिकली तरी विरंजन घडू शकते. समुद्राच्या अफाट जलराशीत हा बदल सावकाश होतो. शंभर लिटरच्या टाकीत मात्र तो एका दुपारी घडतो.

याशिवाय नव्या टाकीत जिवाणूंची वस्ती पूर्ण झालेली नसते. उरलेले अन्न व विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही साखळी स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वी प्रवाळ सोडणे म्हणजे भिंतींचा गिलावा ओला असतानाच घरात राहावयास जाणे होय.

निदानाचा क्रम

पहिली पायरी : काहीही बदलण्यापूर्वी मोजमाप करावे. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता दर हजारी सुमारे ३५ (विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६), पीएच ८.० ते ८.४, अमोनिया शून्य, अल्कता ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम दर लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम व मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम, ही मार्गदर्शक मूल्ये होत. नायट्रेट व फॉस्फेट अल्प प्रमाणात असावेत. ते पूर्णतः शून्य असणेही प्रवाळास हितकारक नसते. क्षारता मोजण्यासाठी अपवर्तनमापी वापरावा आणि तो ज्ञात क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावा. उपकरणच चुकले असेल, तर पुढचे सर्व निष्कर्ष चुकतात.

दुसरी पायरी : गेल्या आठवड्यात काय बदलले, हे नोंदवहीत पाहावे. नवा दिवा, नवा मासा, औषध, खोलीत फवारलेले कीटकनाशक यांपैकी काही कारण असू शकते. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषधे प्रवाळ व अन्य अपृष्ठवंशीय जीवांना घातक असतात. पितळी जोडणी व उघडी तांब्याची तारही टाकीपासून दूर ठेवावी.

तिसरी पायरी : एका वेळी एकच बदल करावा आणि परिणामासाठी काही दिवस थांबावे. कोणत्याही विद्याशाखेतील संशोधकास हे तत्त्व परिचित आहे. एकाच दिवशी प्रकाश कमी केला, पाणी बदलले व पूरक द्रव्ये घातली, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही, आणि बिघाड कशामुळे झाला हेही कळत नाही. अमोनिया आढळणे हा मात्र अपवाद होय. तेव्हा समान तापमान व क्षारतेच्या पाण्याने तातडीने अंशतः पाणी बदलावे.

दहिवली परिसरातील विशेष कारणे

(१) पाण्याचा स्रोत : नळाच्या वा कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरीन, सिलिकेट, फॉस्फेट किंवा धातूंचे अंश असू शकतात. काचेवर व वाळूवर येणारा तपकिरी थर सिलिकेटमुळे वाढतो. येथे एक गैरसमज नमूद करणे आवश्यक आहे. स्वयंपाकघरातील अनेक आर.ओ. यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळले जातात. त्यामुळे ते पाणी पिण्यास योग्य असले तरी टाकीसाठी अयोग्य ठरते. टाकीसाठी आर.ओ. नंतर आयन-विनिमय राळेतून गेलेले, टीडीएस शून्याजवळ असलेले पाणी घ्यावे.

(२) उन्हाळा : एप्रिल-मे महिन्यांत कर्जत परिसरात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. पृष्ठभागावर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी काही अंश थंड होते. परंतु बाष्पीभवनात केवळ पाणी जाते, मीठ मागे राहते. शंभर लिटरच्या टाकीतून तीन लिटर पाणी उडाले, तर क्षारता ३५ वरून ३६ च्या वर जाते. म्हणून दररोज गोडे शुद्ध पाणी घालून पातळी राखावी.

(३) पावसाळा : जून उजाडताच हे गणित उलटते. हवेत आर्द्रता वाढल्याने बाष्पीभवन मंदावते आणि पंख्याचा उपयोगही घटतो. उन्हाळ्याच्या सवयीने ठरावीक पाणी घालत राहिल्यास क्षारता हळूहळू उतरते आणि प्रवाळ मिटते. पाणी नेहमी टाकीवरील खूण पाहून घालावे. खिडक्या बंद राहिल्याने खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएचही उतरतो. अशा वेळी रसायन घालण्यापूर्वी खिडकी उघडून पाहावी.

(४) वीजपुरवठा : वादळी पावसात वीज खंडित झाल्यास पाण्याची हालचाल थांबते व प्राणवायू घटतो. विजेरीवर चालणारा छोटा हवापंप प्रत्येक टाकीजवळ असणे अगत्याचे आहे.

(५) प्रवास : पिशवीतील पाणी प्रवासात तापते. प्रथम पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान समान करावे. नंतर टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळून मगच प्रवाळ सोडावे. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

लक्षणे व त्यांचा अर्थ

प्रवाळ पांढरे पडत असल्यास उष्णता व अतिप्रकाश तपासावा. दुकानातील मंद प्रकाशातून आलेले प्रवाळ प्रथम तळाशी ठेवून प्रकाश काही आठवड्यांत वाढवावा. रंग गडद तपकिरी होत असल्यास प्रकाश अपुरा किंवा पोषकद्रव्ये अधिक असण्याची शक्यता असते. एकाच बाजूचे पॉलिप मिटलेले असल्यास प्रवाहाचा थेट झोत वा शेजारील प्रवाळाचा स्पर्श पाहावा. सर्वच प्रवाळे एकाच वेळी मिटली असतील, तर कारण निश्चितपणे पाण्यात शोधावे. एकच मिटले असेल, तर त्याच्या जागेत किंवा त्यावरील कीटकांत शोधावे.

चर्मप्रवाळ मात्र अधूनमधून काही दिवस मिटून मेणासारखा पातळ थर टाकते. ही स्वाभाविक क्रिया आहे. त्यास मृत समजून हलवणे हीच खरी हानी ठरते. मृदू प्रवाळे परस्परांविरुद्ध रासायनिक द्रव्ये सोडतात. त्यासाठी सक्रिय कोळसा उपयुक्त ठरतो.

विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी एक इशारा : काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ती हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा, आणि ती चिकटलेला दगड कधीही उकळू अथवा गरम पाण्याने घासू नये. त्याची वाफ श्वासावाटे गेल्याने गंभीर विषबाधा होऊ शकते.

समारोप

नव्या टाकीत प्रवाळ मिटते, तेव्हा ते पालकास पाण्याची स्थिती सांगत असते. मोजमाप, नोंद, एका वेळी एकच बदल व संयम हा क्रम पाळल्यास बहुसंख्य प्रवाळे सावरू शकतात. ज्यास चार-सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे पाहणे जमत नाही, त्याने प्रवाळ आणू नये, असे सुचवावेसे वाटते. समुद्रातून आलेला जीव परत समुद्रात पाठविता येत नाही, ही जबाबदारी विभागाच्या टाकीवर अधिकच लागू होते, कारण तेथे विद्यार्थी प्रवाळाबरोबरच आपली शिस्तही पाहत असतात.